सगळे गेल्यावर खाईन

ओट्स रात्री भिजत घालायचे आणि सकाळी फ्रिजमधून काढून थंडगार खायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली, त्याला सकाळी गरम काही करून घालणारं घरात कुणी नसणार, असं माझं अजूनही मत आहे. वर त्यात चिया नावाचं बी. भिजलं की सब्जासारखं बुळबुळीत होतं. सब्जा फालुद्यात ठीक आहे, आणि फालुदा काही कुणी डोकं तल्लख व्हावं म्हणून खात नाही.

पण ते ओट्स आमच्या घरात आले, आणि आले ते माझ्यामुळेच.

मी मुलाकडे अमेरिकेत, श्रूजबरीला राहायला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवून मी रिटायर झाले होते, हे गेले होते, आणि इकडे नात व्हायची होती. आले ती राहिलेच. मुलगा आणि सून दोघंही सकाळी लवकर कामाला जातात. नात आता दुसरीत आहे. तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम माझं. काम कसलं, दिवसातलं सगळ्यात मोठं सुख ते! दार ओढून घ्यायचं, उतार उतरायचा, फाट्यावर उजवीकडे वळायचं आणि कोपऱ्यावर पिवळ्या बसची वाट बघत उभं राहायचं. तेवढ्या वेळात ती मला जगातल्या सगळ्या बातम्या देते, निम्म्या मराठीत, निम्म्या इंग्रजीत. कुणाचा दात पडला, कुणी कुणाला बर्थडेला बोलावलं नाही, खारीचं घर कुठल्या झाडात आहे. बसमध्ये चढली की खिडकीला नाक चिकटवून बस वळेपर्यंत हात हलवत राहते. मीही हलवते. समोरच्या घरातले गोरे आजोबा कचऱ्याचा डबा ओढता ओढता आमच्याकडे बघून हसतात. हसू देत.

तर मागच्या पावसाळ्याच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्याच्या, माझी शुगर वाढली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. नवी गोळी सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्या म्हणाल्या. मुलानं लगेच माझ्या फोनवर सातचा अलार्म लावून दिला. सुनेनं मात्र विषय असा सहज सोडला नाही. आमची सून कुठलीही गोष्ट हातात घेतली की तिचा अभ्यास करते. वॉशिंग मशीन घ्यायचं तरी तीन आठवडे वाचत होती.

"आई, पोह्यांनी शुगर झर्रकन वर जाते आणि मग धपकन खाली येते," ती म्हणाली. "मग झोप येते, लक्ष लागत नाही. सकाळी प्रोटीन हवं, फायबर हवं. एनर्जी टिकते, डोकं शार्प राहतं."

"मी उभा जन्म पोहे खाऊन दहावीला भूमिती शिकवली," मी म्हटलं. "माझं डोकं शार्प नव्हतं होय गं?"

"तसं नाही हो आई," म्हणून ती हसली. पण पुढच्याच आठवड्यात पोह्यांचा डबा वरच्या फळीवर गेला. साखर तर घरातून हद्दपारच झाली. रविवारी संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून काचेच्या छोट्या बरण्या भरायची. ओट्स, चिया, दही, वरून बदामाचे काप आणि ती निळी गोल ब्लूबेरी. नात शेजारी स्टुलावर उभी राहून प्रत्येक झाकणावर पट्टी चिकटवायची. पट्टीवर मराठीत 'आजी' आणि शेजारी एक फूल. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करणारी ती मुलगी सुट्टीची संध्याकाळ माझ्या नाश्त्यात घालवायची. तिला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते, की बाई गं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही?

आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. सकाळी मी कधी कुणाच्या आधी खाल्लेलंच नाही. लग्न झालं तेव्हापासून हेच चालत आलंय. आधी सासऱ्यांचं, मग ह्यांचं, मग पोराचा डबा, मुलगाच असल्यामुळे वेणीफणी नव्हती, पण त्याचे बूट-मोजे. सगळे घराबाहेर पडले की मग मी कढईतले उरलेले पोहे घेऊन उभ्या उभ्या खायचे आणि शाळेत पळायचे. कुणी सक्ती केली नव्हती हो. बाहेर जाणारं माणूस नीट पोटभर खाऊन गेलं की मग आपल्याला भूक लागते, अशी शरीराला सवयच लागून गेलेली. नोकरी केली, दीड-दीडशे पोरांचे पेपर तपासले, हेडमास्तरांशी भांडले, पण ही सवय काही गेली नाही. इथेही तेच. नातीचा डबा, तिची वेणी, तिची पाण्याची बाटली. "आजी, तू खाल्लं?" तिनं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. "तुम्ही सगळे गेल्यावर खाईन."

अलार्म वाजला की गोळी मात्र मी वेळेवर घ्यायचे. शिस्तीची मास्तरीण ना! बिनसाखरेच्या चहाबरोबर गोळी, आणि पोटात काही नाही. बस गेल्यावर घरी यायचं, बरणी उघडायची, दोन चमचे कसेबसे गिळायचे आणि उरलेलं दुपारी संपवायचं. अन्न टाकायचं नाही, हेही अंगात मुरलेलं. संध्याकाळी सून रिकामी बरणी बघून खूश व्हायची.

थंडी सुरू झाली आणि माझं कुठेतरी बिनसायला लागलं. सकाळी नातीची वेणी घालताना हात थरथरायचे. एकदा तिला मी तिच्या बापाच्या नावानं हाक मारली. ती खो-खो हसली, मीही हसले. एकदा मोजे हातात घेऊन उभी होते आणि हे कुठे घालायचे असतात ते क्षणभर मला कळेना. तेव्हा मात्र मी हसले नाही.

मग ती सकाळ आली. गाड्यांच्या काचांवर हिमाचा पांढरा थर होता. नात काहीतरी सांगत होती आणि तिचा आवाज जुन्या रेडिओचं स्टेशन हलावं तसा येत-जात होता. फाट्यावर मी डावीकडे वळले. "आजी, धिस इज नॉट अवर वे," ती म्हणाली. मी चालतच राहिले. तिनं माझा हात ओढला तर मी तिच्यावर खेकसले. का खेकसले, आजही सांगता येणार नाही. मग कुणाच्या तरी दारातल्या दगडी पायरीवर मी बसून घेतलं. पोर रडायला लागली. लांबून पिवळी बस येऊन निघून गेली.

आमच्याच रस्त्यावर एक नागपूरच्या काकू राहतात, त्या फिरायला निघाल्या होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं, हाताला धरून आपल्या घरी नेलं, चहा दिला, बिस्किटं दिली. बिस्किटं खाल्ली आणि थोड्या वेळानं माझं मला सगळं लख्ख दिसायला लागलं. रस्ता, फाटा, आपण कुठे वळलो ते. नातीचे गाल रडून लाल झाले होते. "आजी, तू ओके आहेस?" तिनं विचारलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिस्किटांनीच आपण ताळ्यावर आलो, हे त्या घाईगडबडीत ना माझ्या लक्षात आलं, ना कुणाच्या.

मुलगा ऑफिसातून तसाच आला.  संध्याकाळी तो आणि सून ओट्यापाशी भांडी लावत हळू आवाजात बोलत होते. मेमरी, टेस्ट, दिवसभर एकटी, गॅस, असे शब्द मला ऐकू आले. मग मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "आई, उद्यापासून मी सोडतो तिला. थंडी पण खूप आहे ना."

"बरं," मी म्हटलं. 

मला थंडीचं सांगत होता, लबाड कुठला. मीच त्याला खोटं बोलायला शिकवलं नाही, त्यामुळे त्याला ते धड येतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीत उभी राहायला लागले. नात गाडीच्या मागच्या सीटवरून हात हलवायची. गाडी काय, लगेच वळते. मला सगळ्यात भीती कशाची वाटत होती ते इथे सांगून टाकते. माझी आई शेवटची काही वर्षं मला ओळखत नव्हती. मी गेले की नऊवारीचा पदर सावरून विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी म्हणायचे, "तुझीच." ती मान डोलवायची आणि पुन्हा विचारायची. आता हे माझ्या नातीच्या वाट्याला येणार. बस सुटली, उद्या गॅसला हात लावणं सुटेल, परवा एकटीनं घरात राहणं सुटेल, आणि मग एक दिवस त्या फुलासकट 'आजी' कुणाला म्हणतात तेच मला आठवणार नाही.

डॉक्टरांकडे मेमरी टेस्टची वेळ सकाळची मिळाली. सुनेनं रजा टाकली. सात वाजता अलार्म वाजला, मी गोळी घेतली, चहा घेतला. "आई, ब्रेकफास्ट झाला ना?" तिनं बूट घालता घालता विचारलं. "झाला, झाला," मी म्हटलं. असल्या दिवशी घास कुणाला जातो? आल्यावर खाऊ, असं मनात धरलेलं.

डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, तुमच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल, सून मला सांगेल. त्यांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग घड्याळ काढायला सांगितलं. अहो, मी फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचे तर पोरं कंपास लावून तपासायची. पण त्या कागदावर माझे सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले. काहीतरी चुकलंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"आता शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात. असं खाली खाली या."

"शंभर," मी म्हटलं. "त्र्याण्णव."

आणि पुढे काही नाही. फळा कोरा. त्र्याण्णवातून सात! जे मी झोपेत सांगितलं असतं, ज्याच्यासाठी पोरांना बाकावर उभं केलं, ते मला येईना. सून माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू ती मला मनातल्या मनात उत्तर पुरवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान खाली घातली. संपलं, म्हटलं.

तिनं माझा हात धरला आणि दचकली. "आई, हात किती ओला आहे तुमचा! घाम फुटलाय." बाहेर बर्फ पडत होता आणि माझ्या पाठीवर ब्लाउज चिकटला होता. डॉक्टरीणबाई पटकन उठल्या. नर्स आली, बोटाला टोचलं, यंत्राकडे बघितलं आणि पळतच जाऊन लहान पोरांना देतात तसला सफरचंदाच्या रसाचा डबा घेऊन आली. स्ट्रॉ माझ्या तोंडात धरली. शुगर पार खाली गेली होती.

मग बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लं?

"ओव्हरनाइट ओट्स," सुनेनं सांगितलं. "रोज तेच खातात. चिया, दही, बदाम, सगळं मोजून. मी स्वतः करते." तिच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा अभिमानही होता. तो असायलाच हवा होता.

रस पोटात गेला तसतशी मला खोली नीट दिसायला लागली होती. आणि सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर हे की आता खरं बोललं नाही तर माझ्या कागदावर भलताच रोग लिहिला जाईल. आणि खरं बोललं तर या पोरीच्या इतक्या रविवारांवर पाणी पडेल. मी तिच्याकडे बघितलं. वाईट वाटलं तर वाटो, पण मला माझी बस परत हवी होती.

"नाही गं," मी म्हटलं. "खाल्लं नाही मी. रोजच नाही खात. तुम्ही सगळे गेल्यावर खाते. आणि तेही दोन चमचे."

"आणि गोळी?" सुनेनं विचारलं.

"ती सातला. अलार्म वाजतो ना."

 डॉक्टरीणबाईंना तिनं इंग्रजीत सांगितलं, सांगताना मधेच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाई म्हणाल्या, या गोळीवर उपाशी राहिलं तर शुगर इतकी उतरते की माणूस गोंधळतो, चिडतो, रस्ता चुकतो. आजची टेस्ट धरायची नाही. गोळी बदलू. आधी खाणं, मग गोळी. काही महिन्यांनी पुन्हा या.

नर्सनं बिस्किटं आणि शेंगदाण्याचं लोणी आणून दिलं. मी ते खाल्लं, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत. मग बाई उठायला लागल्या तर मी म्हटलं, "थांबा. त्या शंभराचं काय झालं?"

आणि सुरू केलं. "शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." बाईंना मराठी कुठून येणार? सून बोटांवर ताळा करत होती, रडत होती आणि हसतही होती. "अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस." माझा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघायला लागला, बाहेरून कुणी डोकावून गेलं. "सोळा. नऊ. दोन. आता तेरानं खाली येऊ का?"

गाडीत बसल्यावर मात्र सुनेनं गाडी सुरूच केली नाही. माझ्याकडे वळून बसली. मग एकदम म्हणाली, "आई, तुम्ही उपाशीपोटी तिला बर्फातून सोडायला जात होतात? रोज? मला एका शब्दानं सांगायचं नाही? मी कोण आहे, परकी?"

"तू इतक्या मायेनं करत होतीस गं. कसं सांगणार?"

"अहो, मला स्वतःला आवडत नाहीत ते ओट्स!" ती ओरडलीच. "मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून नाक दाबून गिळते. तुम्ही रोज बरणी संपवता म्हणून मला वाटायचं, आईंना जमतं तर आपल्याला का नाही!"

 मग आम्ही दोघी जे हसायला सुटलो, ते शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघायला लागला तरी थांबलो नाही. हसता हसता ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "माझी आई पण अशीच आहे," ती म्हणाली. "मी रोज फोनवर विचारते, आई खाल्लंस का? ती म्हणते, हो खाल्लं. आता मला काय कळणार, खरं की खोटं?" मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. पोरीला चहा पाजायला हवा होता.

आता आमच्याकडे मुगाची धिरडी होतात. रात्री मूग भिजत घालते, सकाळी आलं-मिरची घालून वाटते. "आई, हेपण रात्रभर भिजवलेलंच की," सून चिडवते. "भिजवलेलं असलं तरी तव्यावर जातं ना बाई," मी म्हणते. बरोबर दही, दाण्याची चटणी. कधी अंडं, ते ती करते. प्रोटीन, फायबर, सगळं तिच्या अभ्यासात बसतं आणि माझ्या घशातही उतरतं. शनिवारी पोहे, ढीगभर मटार आणि मूठभर दाणे घालून. अलार्म आता सातला वाजतो तो सगळ्यांसाठी, आणि सगळेच टेबलाशी बसतात. उभ्या उभ्या खायला कुणालाच परवानगी नाही. मुलगासुद्धा बसतो, घड्याळाकडे बघत का होईना.

दुसऱ्यांदा टेस्ट झाली ती बर्फ वितळायला लागल्यावर. घड्याळ गोल आलं, आकडे आपापल्या जागी. दिलेल्या शब्दांतला एक मात्र राहिला. कितीही डोकं खाजवलं तरी आला नाही. या वयाला चालतं, बाई म्हणाल्या. चालत असेल. तो शब्द मला अजून आठवलेला नाही, आणि कधी कधी दुपारी एकटी असले की मी त्याला शोधत बसते.

पण बस परत मिळाली. त्या पहिल्या सकाळी मी गरम धिरडं नातीच्या ताटलीत वाढलं आणि सवयीनं तव्याकडे वळले. मागे वळून बघते तर ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. धिरड्याला बोटही लावलेलं नाही.

"खा की गं, बस येईल."

"नो. आजी, तू फर्स्ट."

मला माझी आई आठवली. पहाटे चुलीपाशी बसलेली, आम्हा भावंडांना वाढणारी, भाकरी थापताना बांगड्या मागे सारणारी. तिचे हात आठवले, आवाज आठवला. पण सकाळी तिला खाताना मी कधी पाहिल्याचं काही केल्या आठवेना. आम्ही शाळेत गेल्यावर ती खात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी मागे वळून विचारलं नव्हतं.

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि पहिला घास घेतला. नात टक लावून बघत होती. मी चावला, गिळला, तिला तोंड उघडून दाखवलं. मग ती खायला लागली.

"आता गोळी," तिनं आठवण केली. मी गोळी घेतली, बूट घातले आणि आम्ही निघालो. फाट्यावर तिनं माझा हात जरासा दाबला. मी उजवीकडे वळले.